सरकारी वकील कुणाचा?

जून-जुलैत वर्सोव्याच्या कोळीवाड्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. मासेमारीला बंदी असते. पुरुषमंडळी जाळी दुरुस्त करत बसतात आणि बायकांनाही जरा सवड मिळते. म्हणून आमच्या बचत गटाची मोठी बैठक आम्ही त्याच दिवसांत घेतो. जुलै २०२५ च्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. हिशेब झाले, चहा झाला, आणि कोपऱ्यात बसलेल्या एका मावशींनी मला विचारलं, "बाय, मना एक सांग. तो सरकारी वकील असतो ना, तो आपला का सरकारचा?"

मावशींच्या प्रश्नामागचं कारण बैठकीतल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, त्यातला एक आमच्या अंधेरीच्या पुढच्याच जोगेश्वरी स्टेशनजवळ. मावशींच्या बहिणीचा मुलगा त्या गाडीत होता. जीव वाचला, पण एका कानाने ऐकू येणं कायमचं गेलं. आणि आता, १९ वर्षांनी, २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या खटल्यातल्या सगळ्या १२ जणांची शिक्षा रद्द केली. खालच्या कोर्टाने त्यातल्या पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली होती. उच्च न्यायालय म्हणालं, गुन्हा सिद्धच झालेला नाही.

मावशी म्हणाल्या, "ते नव्हते, तर मग कोण होतं? आणि तेच होते, तर सुटले कसे? आपल्या वतीने कोणी बोलत होतं का नाय तिथं?"

त्या वेळी मला नीट उत्तर देता आलं नाही. "अगं मावशी, ते कायद्याचं असतं सगळं," असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र स्वतःचीच लाज वाटली. आपण महिला मंडळात हक्कांवर भाषणं देतो, आणि कोर्टात आपल्या बाजूने उभा राहणारा माणूस नक्की कुणाचा, हे आपल्याला सांगता येऊ नये? मग जमेल तसं वाचलं, एक-दोन वकील मैत्रिणींना विचारलं. त्यातून जे हाती आलं, ते आज तुमच्यापुढे मांडते आहे.

पहिली गोष्ट. खून, दरोडा, बॉम्बस्फोट अशा गुन्ह्यात कोर्टाच्या कागदावर फिर्यादीचं नाव पुढे नसतं. तिथे लिहिलेलं असतं 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध अमुक अमुक'. गुन्हा एका माणसाविरुद्ध झाला, तरी तो सगळ्या समाजाविरुद्ध झाला असं कायदा मानतो. म्हणून समाजाच्या वतीने राज्य भांडतं, आणि राज्याच्या वतीने सरकारी वकील उभा राहतो. सत्र न्यायालयातल्या सरकारी वकिलाला किमान सात वर्षांच्या वकिलीचा अनुभव लागतो. एखाद्या खटल्यासाठी खास नेमल्या जाणाऱ्या विशेष सरकारी वकिलाला दहा वर्षांचा लागतो.

दुसरी गोष्ट मला स्वतःलाच नवीन होती. सरकारी वकिलाचं काम आरोपीला काहीही करून शिक्षा मिळवून देणं हे नाही. त्याचं काम कोर्टाला सत्यापर्यंत पोहोचायला मदत करणं हे आहे. कागदपत्रांत आरोपीच्या बाजूचं काही सापडलं, तर तेही त्याने कोर्टापुढे ठेवायचं असतं. तो पोलिसांचा नोकर नाही आणि मंत्र्यांचा तर नाहीच. पगार किंवा फी सरकार देतं, पण निष्ठा न्यायाशी. हे झालं पुस्तकातलं. प्रत्यक्षात काय होतं ते बघायला दोन माणसांची कारकीर्द बघू या. दोघंही आपल्याकडचीच, आणि दोघांनीही देशाच्या सुरक्षेचे मोठमोठे खटले चालवले.

पहिलं नाव तुम्ही ओळखलंच असेल. अॅडव्होकेट उज्ज्वल निकम. जळगावचे. वडील न्यायाधीश होते. विज्ञानाची पदवी घेऊन त्यांनी जळगावलाच कायद्याचं शिक्षण घेतलं, तिथल्याच जिल्हा न्यायालयात सरकारी वकील झाले. तुमच्या-माझ्यासारख्यांच्या गावातला माणूस. मुंबईत १२ मार्च १९९३ ला बॉम्बस्फोटांची मालिका झाली, २५७ माणसं गेली, सातशेहून अधिक जखमी झाली. त्या खटल्यासाठी निकम मुंबईला आले, आणि काही महिन्यांसाठी आलेला माणूस १४ वर्षं एकाच खटल्यात गुंतला! आर्थर रोड तुरुंगातच विशेष कोर्ट होतं. २००६ च्या सप्टेंबरपासून निकाल यायला लागले. १२३ आरोपींपैकी १०० दोषी ठरले, २३ सुटले.

आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या लोकांनी या खटल्यातली एक गोष्ट विसरू नये. ते आरडीएक्स आभाळातून पडलं नव्हतं. रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनजवळच्या शेखाडीच्या किनाऱ्यावर ते होड्यांतून उतरलं. ज्यांनी किनारा राखायचा, त्या कस्टम्सच्या आणि पोलीस खात्यातल्या काही जणांनी पैसे घेऊन डोळेझाक केली. कोर्टाने त्यांनाही दोषी ठरवलं. सरकारच्या वतीने उभ्या असलेल्या वकिलाने सरकारच्याच माणसांना शिक्षा मागितली. सरकारी वकील सरकारचा नसतो, याचा याहून सरळ पुरावा कोणता?

मग आला २६ नोव्हेंबर २००८. पुन्हा समुद्रातूनच. दहा जण रबरी होडीतून कफ परेडजवळच्या मच्छीमार वस्तीत उतरले. त्या हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी अंगावर गोळ्या झेलून अजमल कसाबला जिवंत पकडू दिलं, म्हणून खटला तरी उभा राहिला. तो निकम यांनी चालवला. न्यायाधीश होते एम. एल. टहलियानी. सहाशेहून अधिक साक्षीदार. ३ मे २०१० ला कसाब दोषी ठरला, ६ मेला फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने ती २०११ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये कायम केली. २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्याला ती अमलात आली.

टीव्हीवर रोज वकील दिसायचे, पण खटला उभा राहिला तो साक्षीदारांच्या खांद्यावर. त्या रात्री मच्छीमार वस्तीत होडीतून उतरणाऱ्या अनोळखी पोरांना हटकणारा तिथलाच एक रहिवासी कोर्टात येऊन बोलला. देविका रोटावन ही मुलगी त्या रात्री नऊ वर्षांची होती. सीएसटीवर तिच्या पायाला गोळी लागली. पुढच्या वर्षी ती कुबड्या घेऊन कोर्टात आली आणि तिने कसाबकडे बोट दाखवलं. कामा हॉस्पिटलच्या परिचारिका अंजली कुलथे. त्या रात्री त्यांनी वॉर्डातल्या वीस गरोदर बायकांना सुरक्षित जागी हलवलं होतं. त्यांनीही कसाबला ओळखलं. २०२२ च्या डिसेंबरात त्या संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे बोलल्या, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आपल्यासारखीच रात्रपाळी करणारी, डबा घेऊन कामावर जाणारी बाई!

आणखी एक गोष्ट. याच खटल्यात कसाबबरोबर दोन भारतीय आरोपी होते. पुरावा पुरेसा नाही म्हणून कोर्टाने त्यांना सोडलं आणि ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिलं. देशभर संतापाची लाट असताना एक न्यायाधीश म्हणतो की या दोघांविरुद्ध सिद्ध झालेलं नाही. मला वाटतं, कसाबच्या शिक्षेवर जगाने विश्वास ठेवला तो यामुळेच. सरसकट सगळ्यांना दोषी ठरवलं असतं, तर त्या निकालाला वजन राहिलं नसतं. कसाबला वकील देण्यावरूनही केवढं रान उठलं होतं! २००९ मध्ये अंजली वाघमारे यांची नेमणूक झाली, तर त्यांच्या घरावर जमाव चालून गेला. पुढे वेगळ्याच कारणाने कोर्टाने त्यांच्या जागी दुसरे वकील नेमले. पण एका बाईने कायद्याने सांगितलेलं काम स्वीकारलं म्हणून तिच्या घरावर दगड यावेत? बचावाचा वकील नसेल, तर सरकारी वकिलाचं जिंकणंही लुटुपुटूचं.

आता थोडं कडू बोलते. निकम यांच्याबद्दल आदर ठेवूनच बोलते.

खटला चालू असताना आपण सगळ्यांनी ऐकलं होतं की कसाब तुरुंगात मटण बिर्याणी मागतो. आठवतंय? घराघरांत चर्चा. "आमच्या पैशावर बिर्याणी!" मीही तावातावाने बोलले होते. मार्च २०१५ मध्ये निकम यांनीच सांगितलं की कसाबने बिर्याणी मागितलीच नव्हती. लोकांत त्याच्याविषयी सहानुभूतीचं वातावरण तयार होतंय असं वाटल्यामुळे ते तोडण्यासाठी आपण तसं सांगितलं होतं.

हे वाचून मी सुन्न झाले. सीएसटीवरची छायाचित्रं होती, डोळ्यांनी पाहिलेले साक्षीदार होते, पुराव्यांचा डोंगर होता. तिथे एका खोट्या गोष्टीची गरज काय होती? ती कोर्टात सांगितली नव्हती, बाहेर सांगितली होती, हे मान्य. पण आपण त्यांच्यावर विश्वास ठेवला होता तो 'हा माणूस आपल्याशी खरं बोलतो' म्हणून. घरात सुद्धा मुलाच्या भल्यासाठी म्हणून आई एकदा खोटं बोलली आणि ते उघडं पडलं, की पुढची दहा खरी वाक्यंही मूल तपासून घेतं. सरकारी वकिलाचं तर सगळं भांडवलच त्याचा शब्द.

पुढे २०१६ मध्ये निकम यांना पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये त्यांनी भारतीय जनता पक्षातर्फे उत्तर मध्य मुंबईतून लोकसभेची निवडणूक लढवली आणि थोड्या मतांनी हरले. त्यानंतर राज्य सरकारने त्यांना पुन्हा विशेष सरकारी वकील नेमलं, तेव्हा विरोधकांनी टीका केली. आणि जुलै २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नियुक्त केलं.

वकिलाने राजकारणात जाऊ नये असा काही कायदा नाही, आणि माझं म्हणणं कुठल्या एका पक्षाबद्दल नाही. उद्या दुसऱ्या पक्षाने दुसऱ्या वकिलाला तिकीट दिलं तरी मी हेच म्हणेन. ज्या माणसाने राज्याच्या वतीने लोकांच्या फाशीची मागणी केली, तो एका पक्षाचा उमेदवार झाला की सुटलेल्या आणि शिक्षा झालेल्या दोघांच्याही मनात शंका येते. ती शंका खोटी असेलही. पण ती येऊच नये अशी काळजी घ्यायला काय हरकत आहे? सरकारी वकिली सोडल्यावर निदान काही वर्षं पक्षाच्या राजकारणापासून लांब राहायचं, आणि एकदा पक्षाचं काम केलं की पुन्हा सरकारी वकील व्हायचं नाही, एवढा नियम तरी हवा.

दुसरं नाव आहे रोहिणी सालियन यांचं. छोट्या गावांतल्या किती मैत्रिणींना ते माहीत असेल, शंकाच आहे. मुंबईच्या सत्र न्यायालयात त्या मुख्य सरकारी वकील होत्या. जे. जे. हॉस्पिटलमधला गोळीबार, मुलुंडचा बॉम्बस्फोट असे खटले त्यांनी हाताळले. टोळ्यांच्या दहशतीच्या काळात एक बाई समोरच्या पिंजऱ्यातल्या गुंडांच्या डोळ्याला डोळा भिडवून शिक्षा मागत होती. आपल्या पुरवणीत पाककृतींच्या शेजारी यांचे फोटो कधीच छापून यायला हवे होते!

२९ सप्टेंबर २००८ ला मालेगावात स्फोट झाला, सहा जण गेले, शंभरच्या आसपास जखमी झाले. त्या खटल्यात सालियन विशेष सरकारी वकील होत्या. आधी तपास राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाकडे होता, २०११ मध्ये तो राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे म्हणजे एनआयएकडे गेला. आणि जून २०१५ मध्ये सालियन यांनी जाहीरपणे सांगितलं की केंद्रात सत्ताबदल झाल्यानंतर यंत्रणेच्या एका अधिकाऱ्याने आपल्याला आरोपींबाबत सौम्य भूमिका घ्यायला सांगितलं. यंत्रणेने तो आरोप फेटाळला. खरं-खोटं करायला मी न्यायाधीश नाही. पण आयुष्यभर कोर्टात काढलेल्या, साठी ओलांडलेल्या एका बाईला हे बोलायला काय पडलं असेल, याचा विचार करा. गप्प राहिल्या असत्या तर सन्मानाने निवृत्त झाल्या असत्या. त्या बोलल्या, आणि तो खटला त्यांच्याकडे राहिला नाही.

३१ जुलै २०२५ ला मालेगावच्या खटल्याचा निकाल लागला. सातही आरोपी निर्दोष. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असं कोर्टाने म्हटलं आणि मृतांच्या वारसांना दोन लाख, जखमींना पन्नास हजार रुपये भरपाई द्यायला सांगितलं.

म्हणजे बघा, दहा दिवसांत दोन निकाल. एकात मुसलमान आरोपी, दुसऱ्यात हिंदू. टीव्हीवर एका निकालावर आनंद करणारे दुसऱ्यावर संतापले, आणि उलटही. पण जोगेश्वरीचा बहिरा झालेला मुलगा आणि मालेगावातलं पोरकं झालेलं घर, या दोघांच्या हातात सारखंच पडलं. काहीच नाही! पंधरा-वीस वर्षं गेली, आणि हे कुणी केलं ते अजून ठाऊक नाही. आरोपींचं म्हणाल, तर लोकल स्फोटाच्या खटल्यातले ते लोक अठरा-एकोणीस वर्षं तुरुंगात होते. एकाचा तर अपिलाचा निकाल लागायच्या आधीच, २०२१ मध्ये, मृत्यू झाला. त्यांच्याही बायका-मुली होत्याच ना?

राज्य सरकार त्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने, हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं म्हटलं, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडलं नाही. मालेगावच्या पीडितांची कुटुंबंही उच्च न्यायालयात गेली. तेव्हा दोन्ही प्रकरणं संपलेली समजू नका.

असं का होतं? उच्च न्यायालयाने लोकल स्फोटाच्या निकालात जी कारणं दिली, ती साध्या बाईलाही कळतील अशी आहेत. एखाद्या साक्षीदाराने आरोपीला पहिल्यांदा ओळखलं ते घटनेनंतर शंभर दिवसांनी. रस्त्यावर एकदा पाहिलेला अनोळखी चेहरा तीन महिन्यांनी आपल्याला आठवेल का? ओळख परेड ज्या अधिकाऱ्याने घेतली, त्याला ती घ्यायचा अधिकारच नव्हता. कबुलीजबाबांवरही कोर्टाचा विश्वास बसला नाही. मकोकासारख्या कडक कायद्यात पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो, जामीन जवळजवळ मिळतच नाही. म्हणूनच अशा खटल्यात सरकारी वकिलाची जबाबदारी दुप्पट होते. पोलिसांनी आणलेली भाजी तशीच शिजवायची नसते, आधी निवडावी लागते. किडकं निघालं तर 'हे चालणार नाही, दुसरं आणा' असं तोंडावर सांगावं लागतं. हे सांगण्याची ताकद, मोकळीक आणि वेळ त्याच्याकडे असायला हवा.

तुम्ही म्हणाल, बॉम्बस्फोटाचे खटले आमच्या गावात कुठे? तर मी माझाच एक अनुभव सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतल्या एका मुलीला नवऱ्याने जाळायचा प्रयत्न केला. शेजारीण साक्षीदार होती. तिला धीर द्यायला मी बरोबर गेले. तीन तारखांना आम्ही सकाळी अकरापासून पाचपर्यंत बाकावर बसून परत आलो. शेजारीण चार घरची धुणीभांडी करणारी, तिचे तीन खाडे झाले. चौथ्या तारखेला सरकारी वकिलांनी तिला कोर्टाच्या दारातच, जेमतेम पाच मिनिटं, उभ्या-उभ्या विचारलं, "तुम्ही कोण? हं, साक्षीदार. पोलिसांना सांगितलंय तेच सांगा." तिने दोन वर्षांपूर्वी काय सांगितलं होतं ते तिला कुणी वाचून दाखवलं नाही. उलटतपासात ती गडबडली. वार चुकला, वेळ चुकली. संशयाचा फायदा मिळून नवरा सुटला.

त्या वकिलांवर मी नंतर फार चिडले नाही. त्यांच्या टेबलावरचा फायलींचा ढीग मी पाहिला होता. पण तेव्हा मला कळलं की मोठ्या खटल्यात जे बिघडतं तेच छोट्या खटल्यातही बिघडतं. साक्षीदाराकडे कुणाचं लक्ष नसतं. देविका कुबड्या घेऊन आली ते आपण पाहिलं, पण पुढे घरासाठी तिला उच्च न्यायालयाचे उंबरे झिजवावे लागले, ते किती जणांना माहीत आहे?

मग करायचं काय? नुसतं हळहळून भागणार नाही. काही गोष्टी कायद्यानेच आपल्या हातात दिल्यात, त्या माहीत करून घेऊ या.

ज्या बाईवर किंवा जिच्या घरावर गुन्हा घडला, तिला कोर्टाच्या परवानगीने स्वतःचा वकील ठेवता येतो. तो सरकारी वकिलाला मदत करतो. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून अडू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. प्रत्येक जिल्हा न्यायालयात आणि तालुक्याच्या कोर्टात विधी सेवेचं कार्यालय असतं. आरोपी सुटला तर फक्त सरकारच वर जाऊ शकतं असं नाही, पीडितालाही अपील करता येतं. मालेगावच्या कुटुंबांनी हाच हक्क वापरला.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, लागू झाला. त्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. तपास कुठवर आला ते पोलिसांनी ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं. आणि सरकारी वकिलाला खटला मागे घ्यायचा असेल, तर कोर्टाने आधी पीडिताचं म्हणणं ऐकायचंच. साक्षीदाराला धमकी येत असेल, तर संरक्षण मागता येतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली आहे, तिचा अर्ज जिल्ह्यातच करता येतो.

आणि सरकारकडे मागायच्या गोष्टी? विशेष सरकारी वकील कुणाला आणि का नेमलं, त्याची कारणं जाहीर व्हावीत. मंत्र्यांच्या मर्जीने नेमायचं आणि मर्जीने काढायचं, हे थांबावं. एखाद्या सरकारी वकिलाने दबाव आल्याचं सांगितलं, तर त्याला किंवा तिला बाजूला करण्याआधी त्या तक्रारीची कोर्टाच्या देखरेखीखाली चौकशी व्हावी. साक्षीच्या आधी साक्षीदाराशी शांतपणे बसून बोलायला वकिलाला वेळ मिळावा, म्हणजेच सरकारी वकिलांची संख्या वाढावी. आणि वकिलाची किंमत त्याने किती फाशी मिळवून दिल्या यावर करू नये. निकम यांच्या नावावर सहाशेहून अधिक जन्मठेपा आणि तिसाहून अधिक फाशी सांगितल्या जातात, आपण ते आकडे कौतुकाने ऐकतो. मला विचाराल तर त्याहून मोठा आकडा हा, की त्यातले किती निकाल वरच्या कोर्टात टिकले.

शेवटचं मागणं आपल्या स्वतःकडे. टीव्हीवर बातमी आली की लगेच "लटकवा त्याला भर चौकात" असं म्हणण्याआधी थांबू या. आपण असं ओरडलो की पोलिसांना घाई होते, वकिलाला टाळ्या हव्याशा वाटतात, आणि चुकीचा माणूस पकडला गेला तर खरा गुन्हेगार मोकळा राहतो. पुढच्या लोकलमध्ये आपलंच लेकरू असतं.

परवा मावशी पुन्हा भेटल्या. होड्या समुद्रात गेल्या होत्या, मावशींची पाटी भरलेली होती. मी त्यांना माझं उत्तर सांगितलं. म्हटलं, मावशी, सरकारी वकील कायद्याने तुमचा आहे. सरकारचा नाही, पोलिसांचा नाही, पक्षाचा नाही. पण तो आपला राहावा म्हणून आपल्यालाच त्याच्याकडे लक्ष ठेवावं लागतं.

मावशींनी ऐकून घेतलं. पाटी उचलता उचलता म्हणाल्या, "म्हंजे आपला, पण आपण सोडला तर नाय. होडीवानी."

पाटी डोक्यावर घेऊन त्या बाजाराच्या वाटेला लागल्या. जाता जाता एवढंच म्हणाल्या, पुढच्या बैठकीत ते विधी सेवेचं सगळ्यांना सांग. पुढच्या महिन्यात आमच्या गटाचा पहिला विषय तोच आहे. तुमच्या गटातही घ्याल ना?